ई-रीडर, टॅबलेट की लहान लॅपटॉप? कोकणात राहून वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि त्यामागोमाग रॅम, प्रोसेसर, कॅमेरा. वाचणाऱ्या माणसाला यातलं फारसं काही लागत नाही. काय वाचायचं, कुठे बसून वाचायचं आणि पावसाळ्यात ते यंत्र कुठे राहणार, एवढं ठरलं की निवड निम्मी झाली. किमती इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत. सणासुदीच्या सेलमध्ये त्या इतक्या हलतात की आज लिहिलेला आकडा महिन्यात खोटा ठरतो.

मुलगा गणपतीला येताना वाचायला "काहीतरी" आणतो म्हणतोय. त्याला नेमकं काय सांगू?

यंत्राचं नाव सांगू नका. तुम्ही काय वाचता ते सांगा.

डिजिटल मजकूर दोन तऱ्हांचा असतो. एक वाहता: अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप मोडून पुढच्या पानावर सरकतात. ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलीचा एक प्रकार) आणि किंडलची (ॲमेझॉनचा ई-रीडर) पुस्तकं या तऱ्हेची. दुसरा ठरलेल्या पानाचा: छापील पान जसंच्या तसं पडद्यावर. पीडीएफ, स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रांचे ई-पेपर, दिवाळी अंकांच्या डिजिटल आवृत्त्या या तऱ्हेच्या. तिथे अक्षर मोठं करायचं म्हणजे अख्खं पान मोठं करायचं आणि मग बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं.

इंग्रजीत वाचणाऱ्याचं बहुतेक वाचन पहिल्या तऱ्हेत मिळतं, म्हणून तिकडची परीक्षणं सहा-सात इंची ई-रीडरची, म्हणजे फक्त वाचनासाठी केलेल्या यंत्राची, स्तुती करून थांबतात. मराठीत फुकट मिळणारं बरंचसं साहित्य दुसऱ्या तऱ्हेचं आहे. त्यामुळे परीक्षण वाचून हौसेने घेतलेला ई-रीडर चार दिवसांत टीव्हीशेजारी धूळ खात पडतो. विकत घेतलेल्या कादंबऱ्या आणि इंग्रजी पुस्तकं वाचायची असतील तर ई-रीडर. स्कॅन, पेपर आणि मासिकं असतील तर दहा-अकरा इंची टॅबलेट. दोन्ही सारखंच असेल तर टॅबलेटच घ्या. त्यावर वाहता मजकूरही चालतो, उलट मात्र होत नाही.

सहा इंची ई-रीडरवर पीडीएफ उघडत नाही का?

उघडते, वाचवत नाही. सहा इंच हे कर्णाचं माप. प्रत्यक्ष पडदा साधारण नऊ सेंटीमीटर रुंद आणि बारा उंच. ए-फोर कागदाची रुंदी एकवीस सेंटीमीटर. म्हणजे ते पान निम्म्याहूनही लहान होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटच्या आसपास येतं. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर तेवढा असतो. त्यात मराठीचे काना-मात्रा-वेलांट्या. अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत फरक कळत नाही.

उलट अकरा इंची टॅबलेट उभा धरला की डेमी आकाराचं पुस्तक, म्हणजे आपल्या बहुतेक कादंबऱ्यांचा आकार, जवळजवळ छापील मापातच दिसतं. आठ-नऊ इंची टॅबलेटवर ते साधारण चार-पंचमांश होतं. तरुण डोळ्यांना चालतं, पन्नाशीपुढे चष्मा शोधावा लागतो.

सहा इंची ई-रीडरवर पर्याय एकच: पान आडवं करून अर्धं-अर्धं वाचणं. एखाद्या संदर्भापुरतं ठीक. तीनशे पानांची कादंबरी अशी वाचणाऱ्याला माझा नमस्कार.

मग ई-रीडर घ्यायचाच कशाला?

कारण मजकूर वाहता असेल तर त्याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरच्या, पडद्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली होतात आणि तिथेच थांबतात. पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, बदलायला लागते. पडदा स्वतः उजेड फेकत नाही, बाहेरचा उजेड परतवतो. म्हणून मे महिन्यात खळ्यात आंबे उन्हात पिवळेधमक दिसत असताना टॅबलेटमध्ये फक्त आपला चेहरा दिसतो आणि ई-रीडरवर अक्षर उलट अधिक ठसठशीत होतं. रात्री वाचायला कडेने बारीक दिवे असतात, ते पानावर उजेड टाकतात.

वजनही बघा. साधा सहा इंची किंडल १५८ ग्रॅमचा. अकरा इंची टॅबलेट पाचशेच्या आसपास, कव्हर घातलं की सातशे. आरामखुर्चीत बसून मांडीवर ठेवला तर हा फरक जाणवत नाही. आडवं पडून, एका हाताने डोक्यावर धरून वाचणाऱ्याला मात्र नाकावर आदळल्यावर तो चांगला कळतो.

शिवाय त्यावर व्हॉट्सॲप नाही. काहींना हा दोष वाटतो.

"बॅटरी बारा आठवडे चालते" हे खरं आहे का?

खरं आहे, पण बारीक अक्षरं वाचून घ्या. किंडल पेपरव्हाइट या मॉडेलचा हा आकडा रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद आणि दिवा मध्यम, असं धरून काढलेला असतो. हिशेब केला तर एकूण बेचाळीस तास होतात. तुम्ही रोज तीन तास वाचत असाल तर दोन आठवडे. तरीही हे पुष्कळच आहे. टॅबलेट सलग वाचनात आठ-दहा तासांत मान टाकतो.

कोकणात हा आकडा नुसत्या सोयीचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. त्यानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. वादळं रोज येत नाहीत, पण आगोटीच्या दिवसांत एखादी फांदी तारेवर पडली आणि वायरमन दुसऱ्या दिवशी दुपारी आला, हे दरवर्षीचं आहे.

मराठी पुस्तकं कुठे मिळतात?

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत. नव्या-जुन्या कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद बऱ्यापैकी मिळतात. तुमच्या आवडीच्या लेखकाचं सगळं मिळेलच असं मात्र नाही. घेण्याआधी नमुना पाठवण्याची सोय वापरा. काही मराठी ई-पुस्तकं घाईत बनवलेली असतात, शब्द मध्येच तुटतात, परिच्छेद एकमेकांत घुसतात. हे पहिल्या दहा पानांत कळतं.

बुकगंगा या ऑनलाइन पुस्तकदुकानाची ई-पुस्तकं त्यांच्या ॲपमध्ये वाचायची असतात, म्हणजे मोबाईल किंवा टॅबलेट हवा. किंडलवर ती जात नाहीत आणि किंडलची पुस्तकं दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर उघडत नाहीत. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं फुकट देतं, बहुतांशी पीडीएफ. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकं मजकुराच्या रूपात आहेत आणि ती ईपब करून उतरवता येतात. ई-रीडरवाल्यांनी हा ठेवा आधी बघावा.

हक्कमुक्त म्हणजे काय, तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर त्या वर्षाच्या अखेरपासून साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. आपल्या पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये गेले. २०१० सरलं तसं त्यांचं लेखन सर्वांना खुलं झालं. हयात लेखकाचं पुस्तक व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट फिरत असेल तर ती चोरी आहे, मग फॉरवर्ड करणारे कितीही आदरणीय गृहस्थ असोत.

आणि गावात वाचनालय असेल तर त्याचं सभासदत्व सोडू नका. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. तिथल्या कपाटातलं पुष्कळसं अजून कुठल्याच पडद्यावर आलेलं नाही.

मराठी अक्षरं नीट दिसतात का?

आता बहुतेक यंत्रांवर दिसतात. जुनं किंवा स्वस्तातलं यंत्र घेताना एक चाचणी करा: "वाऱ्यावर", "दऱ्या", "ॲप", "ज्ञानेश्वर" हे शब्द असलेली फाइल त्यावर उघडून बघा. ऱ्य मोडला किंवा ॲच्या जागी चौकोन आला तर ते यंत्र परत करा. जाड-बारीक अक्षराची निवडही पाहून घ्या. इंग्रजीसाठी डझनभर फाँट आणि देवनागरीसाठी एकुलता एक, असं ई-रीडरवर अजून चालतं.

दुसरी अडचण जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या पद्धतीचा, नसतो. पीडीएफमध्ये तो सुंदर दिसतो, पण त्यातून शब्द शोधा किंवा वाहता मजकूर काढायला जा, निव्वळ गिचमिड बाहेर येते. अशा फाइलीसाठी ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून घेणं, हाच उपाय. गूगल ड्राइव्हमध्ये ती पीडीएफ गूगल डॉक्स म्हणून उघडली की मराठी बऱ्यापैकी ओळखलं जातं. ऱ्हस्व-दीर्घ नंतर हाताने तपासा.

बाबांना फक्त पेपर वाचायचा आहे. वय पंचाहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

अकरा इंची टॅबलेट, वाय-फायचा, साधा. दुसरा विचार नको. आतल्या गावात छापील पेपर एसटीबरोबर येतो आणि एसटी कधी येते ते एसटीला ठाऊक; ई-पेपर पहाटेच आलेला असतो. तो ठरलेल्या पानाचा, म्हणून पडदा मोठा हवा. बऱ्याच ई-पेपरांत बातमीवर बोट ठेवलं की तेवढी बातमी मोठी होऊन उघडते. ती युक्ती त्यांना एकदा शेजारी बसून, त्यांच्याच बोटाने करून दाखवा. लांबून "अहो बाबा, टच करा ना" म्हणून काही होत नाही.

देण्याआधी हे करा: सेटिंगमधून अक्षर आणि आयकॉन मोठे, नको ती ॲप काढून टाकलेली, पेपरचं ॲप पहिल्याच पडद्यावर. टेकू देणारं कव्हर घ्या, म्हणजे टेबलावर उभा राहील. म्हाताऱ्या बोटांची कातडी कोरडी असते, कधीकधी स्पर्श लागत नाही. अशा वेळी रबरी टोकाचं साधं स्टायलस कामाला येतं.

खाऱ्या हवेने ही यंत्रं खरंच बिघडतात का, की दुरुस्तीवाल्यांनी उठवलेलं आहे?

खरंच बिघडतात, आणि ते कसं घडतं हे कळलं तर बरंचसं टाळता येतं.

समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात आणि सगळ्यावर बसतात. हवा कोरडी असेल तोवर ते निरुपद्रवी. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये चार्जिंगच्या भोकात बसलेली मिठाची पूड जूनमध्ये खारं पाणी होते. खारं पाणी वीज वाहून नेतं. त्यात चार्जर लावला की धातूचे संपर्क झिजू लागतात. टाइप-सीच्या भोकात टॉर्च मारून पाहा. मधल्या पातळ जिभेवर सोनेरी पट्ट्या ओळीने दिसायला हव्यात. एखादी पट्टी काळी किंवा कडेला हिरवट दिसली तर काम सुरू झालेलं आहे. "चार्जर वाकडा धरला की चार्ज होतो" ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

उपाय स्वस्त आहेत. भोकाला रबरी बूच लावा. खिडकीत, विशेषतः समुद्राकडच्या, चार्जिंगला ठेवू नका. समुद्रावरून आल्यावर यंत्र किंचित ओलसर, पिळलेल्या कपड्याने आणि मग कोरड्याने पुसा. नुसतं कोरडं पुसलं तर मीठ जागच्या जागी घासलं जातं. भोक महिन्यातून एकदा, यंत्र बंद करून, मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. सुई-टाचणी घालू नका. हिरवट डाग पडला असेल तर दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून घ्या. भोक बदलण्याइतकं झिजण्याआधी गेलात तर पैसे वाचतात.

यात ई-रीडरचा छुपा फायदा आहे. टॅबलेट रोज चार्जरला लागतो, ई-रीडर महिन्यातून दोनदा. ओल्या भोकात वीज जाण्याच्या वेळाच कमी.

वॉटरप्रूफ घेतला तर प्रश्न मिटला ना?

गोड्या पाण्यापुरता. पेपरव्हाइटवर आयपीएक्स८ असा, पाणी सोसण्याचा, दर्जा लिहिलेला असतो. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे तो दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर टिकतो. समुद्राच्या पाण्यात मात्र पाव मीटर खोलीवर तीन मिनिटं. या दोन आकड्यांतलं अंतर बघितलंत तर वरच्या उत्तरात काय सांगितलं ते पटेल. शिवाय दर्जातला "एक्स" म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. गुहागरच्या वाळूत ठेवायला तो परवाना नव्हे. समुद्रात पडलाच तर लगेच गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, तोवर चार्जर लांब ठेवा.

पडवीत बसून पागोळ्यांचे तुषार अंगावर घेत वाचणाऱ्याला मात्र हा दर्जा उपयोगी आहे. एक अडचण तरी राहते: पडद्यावर थेंब पडला की पान आपोआप उलटतं. बटणं असलेले ई-रीडर हल्ली कमी झालेत, मिळाला तर पावसाळ्यात दुवा द्याल.

भिजलेलं यंत्र तांदळात ठेवू का?

नको. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची पूड आणि कोंडा भोकात जातो. ॲपलनेही आयफोनसाठी हे करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. बंद करा, भोक खाली करून हलकेच झटका, पंख्याच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस ठेवा. तांदूळ पेजेला ठेवा.

श्रावणात कव्हरवर बुरशी येते. काय करावं?

चामड्याचं, रेक्झिनचं, कापडी कव्हर घेऊच नका. ऑगस्टपर्यंत त्यावर पांढरं पीठ येतंच. सिलिकॉन किंवा कडक प्लास्टिक बरं. रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारं जेल मिळतं. रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, मात्र ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. आणि यंत्र रोज वापरा. चालू यंत्राला थोडी ऊब असते, त्याने ओल धरत नाही. जपून कपाटात ठेवलेलंच आधी जातं.

आम्ही मुंबईत असतो, गावचं घर बंद. टॅबलेट तिथेच ठेवला तर?

गणपतीला ठेवलेला टॅबलेट शिमग्याला बहुधा उठणार नाही. लिथियमची बॅटरी शून्यावर जाऊन महिनोन्महिने पडली की मरते किंवा फुगते. पूर्ण भरून ठेवणंही वाईट. ठेवायचाच असेल तर निम्म्यावर चार्ज, पूर्ण बंद, वर सांगितलेल्या डब्यात, माळ्यावर नव्हे. कौलांखाली एप्रिलमध्ये भट्टी असते. तीन-चार महिन्यांनी शेजाऱ्याला थोडा चार्ज करायला सांगा. त्यापेक्षा बॅगेत घालून परत न्या.

वीज जाते तेव्हा पॉवर बँक पुरते का?

दहा हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे कागदावर ३७ वॉट-तास. बदलात जाणारी घट वजा केली तर हातात साधारण दोन-तृतीयांश. एवढ्यात अकरा इंची टॅबलेट एकदाही धड शंभर टक्के भरत नाही, मोबाईल एक ते दीड वेळा, ई-रीडर तीन-चार वेळा तरी. लॅपटॉपला बहुधा ४५ ते ६५ वॉट लागतात, साधी पॉवर बँक त्याला पुरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर हा मुद्दाच उरत नाही.

विजांचं मात्र वेगळं. मेअखेर आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढा. बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर. राउटरला तांब्याच्या तारेने नेट येत असेल तर तीही काढा. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं, ते एकदा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.

आमच्या वाडीत रेंज नाही. मग हे सगळं निरुपयोगीच?

वाचायला रेंज लागत नाही, पुस्तक उतरवायला लागते. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की महिन्याचं वाचन भरून घ्या. एक कादंबरी एक-दोन एमबीची असते, गाण्याच्या एका फाइलीपेक्षा लहान. ई-रीडर मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडता येतो. जोडला जात नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ ऐवजी २.४ गीगाहर्ट्‌झ करा. जुने ई-रीडर तेवढाच ओळखतात आणि यंत्र बिघडलं असं समजून लोक दुकानात चकरा मारतात.

रेल्वेने जाताना रोहा सोडल्यावर ऑनलाइनवर विसंबू नका. एकटा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे.

किंडलधारकांसाठी: विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने चढवायची सोय कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली. तुमच्या स्वतःच्या फाइली केबलने अजून चढवता येतात. ईपब पाठवायचं असेल तर "सेंड टू किंडल" वापरा. फाइली एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात करायला कॅलिबर हा फुकट प्रोग्राम आहे.

टॅबलेटवर गूगल पे, सातबारा, बँक सगळं होईल का?

सातबारा बघणं, उतरवणं, अर्ज भरणं होईल, आणि मोठ्या पडद्यावर मोबाईलपेक्षा सोपं होईल. यूपीआय मात्र सिमवरून एसएमएस पाठवून यंत्राची ओळख पटवतं. फक्त वाय-फायच्या टॅबलेटवर ते सुरूच होत नाही. ओटीपीही मोबाईलवरच येणार. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो, जागेची नोंद होते. त्याला खिशातला मोबाईलच बरा. म्हणून टॅबलेट हा मोबाईलचा जोडीदार म्हणून घ्या. सिमचा टॅबलेट घेऊन मोबाईल टाकून देण्याचा बेत करणाऱ्यांना पुढे कानाला टॅबलेट लावून बोलावं लागतं.

लहान लॅपटॉप लागेलच का?

बिलं, हिशेबाच्या शीट, मुलीचा प्रोजेक्ट, होमस्टेचं बुकिंग सांभाळणं, मराठीत भरपूर टाइप करणं: यातलं काही रोजचं असेल तर हो. टॅबलेटला कीबोर्ड जोडून पत्र लिहिता येतं, चाळीस ओळींचा हिशेब करताना जीव जातो. वाचायला मात्र लॅपटॉप वाईट. पडदा आडवा आणि पान उभं, निम्मी जागा वाया.

जुना लॅपटॉप घेताना एक प्रश्न नक्की विचारा: विंडोज ११ चालतं का? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलची सर्वसाधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असल्याशिवाय ११ अधिकृतपणे चढत नाही. मुंबईच्या कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप स्वस्तात येतात, त्यांतले बरेच त्याआधीच्या पिढ्यांचे असतात. क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) घेतलंत तर त्याच्या अपडेटची शेवटची तारीख गूगलच्या यादीत पाहा. तारीख मॉडेलवर ठरते, तुम्ही कधी विकत घेतलंत त्यावर नाही.

दहावीच्या मुलाला अभ्यासासाठी?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, रंगीत आहेत, आकृत्या आहेत. म्हणजे टॅबलेट, किमान दहा इंच. चार जीबीपेक्षा कमी रॅम नको आणि अँड्रॉइडचे अपडेट किती वर्षं मिळणार ते खोक्यावर नव्हे, कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. ई-रीडर त्याला नको. बहुतेक ई-रीडरवर आकृतीत रंग नाही आणि पानं मागे-पुढे करायला वेळ लागतो.

ई-इंकने डोळे बिघडत नाहीत, हे खरं?

डोळ्यांना थकवा येतो तो जवळ, एकटक, पापणी न मिटता पाहिल्याने. तो कागदी पुस्तकानेही येतो. उन्हात आणि अंधाऱ्या खोलीत ई-इंक सुखाचा वाटतो हे खरं, पण ते औषध नव्हे. वीस मिनिटांनी मान वर करून लांबच्या माडाच्या शेंड्याकडे बघा. अक्षर जाड आणि मोठं ठेवा.

मोठा मोबाईल आहे, तोच पुरे नाही का?

वाहता मजकूर असेल तर पुरे. कितीतरी लोक कादंबऱ्या मोबाईलवरच संपवतात, आणि ऐकायची पुस्तकं तर तिथेच बरी. खर्च करण्याआधी महिनाभर मोबाईलवर वाचून बघा. त्या महिन्यात एकही पुस्तक पुरं झालं नाही तर अडचण पडद्याची नाही.

बिघडलं तर दुरुस्ती कुठे?

घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच. नावाजलेल्या कंपनीच्या टॅबलेटचं भोक, बॅटरी, काच जिल्ह्याच्या ठिकाणी बदलून मिळण्याची शक्यता असते. ई-रीडरचा पडदा फुटला की संपलं. आतली काच पातळ असते, बॅगेत डब्याचा दाब आला तरी तडकते, आणि नवा पडदा यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून कडक कव्हर लागतंच. ओनिक्स बूक्ससारखे अँड्रॉइडवर चालणारे मोठे ई-इंक टॅबलेट कागदावर आपल्या गरजेला अगदी फिट बसतात, दहा इंची पडदा आणि पीडीएफ दोन्ही; पण महाग असतात आणि बिघडल्यावर ते कुठे पाठवायचं हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. परदेशातून आलेल्या कुणी दिलेलं यंत्र असेल तर भारतात वॉरंटी चालते का तेही विचारा.

जुना टॅबलेट पडून आहे. काही उपयोग?

बॅटरी फुगलेली नसेल तर आहे. पाठ टेबलावर सपाट बसते का बघा. डुगडुगत असेल किंवा पडदा कडेने उचलला असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ठीक असेल तर खातं काढून रिसेट करा आणि आरत्या, पंचांग, पीडीएफ पुस्तकं भरून ओटीवर ठेवा. बँकेचं ॲप त्यावर नको, अपडेट बंद झालेले असतात. रिसेट करण्याआधी जुनं गूगल खातं मुद्दाम काढायला विसरू नका. नाहीतर पुढच्याला तो पासवर्ड मागत बसतो, आणि खातं उघडून देणारा भाचा तोवर पुण्याला परत गेलेला असतो.